अँट्रिमचा रस्ता

उत्तर आयर्लंडमध्ये उन्हाळा असतो असं तिथले लोक म्हणतात. आपण पडलो पाहुणे, वाद कशाला घाला? ऐन जुलैत दोन स्वेटर चढवून मी अँट्रिमचा किनारा पाहिला.

लार्न सोडलं की उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला कडा आणि मधे चिंचोळा रस्ता. हा रस्ता १८३२ ते १८४२ या काळात विल्यम बाल्ड नावाच्या स्कॉटिश इंजिनिअराने काढला. त्याआधीची वाट डोंगरावरून जायची आणि चढ असे, की घोड्यानेही रामनाम घ्यावं! खोऱ्यातल्या माणसाला आपल्याच मुलखात हिंडण्यापेक्षा होडीत बसून समोरचं स्कॉटलंड गाठणं सोपं वाटे. टॉर हेडपासून ते जेमतेम वीसेक किलोमीटर. बाल्डने डोंगर चढण्याचा नादच सोडला. सुरुंग लावून कडाच समुद्रकाठी उतरवला आणि त्या दगडांवरून रस्ता नेला. आपल्याकडे दरड कोसळली की रस्ता बंद होतो. या गृहस्थाने दरड पाडून रस्ता चालू केला.

गॅरन पॉइंटपाशी भाच्याने गाडी थांबवली. "मामा, हा दगड बघा." चुनखडीचा भलाथोरला दगड. रस्ता पुरा होऊन तीन वर्षं होतात न होतात तोच, १८४५ साली, बटाट्यावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि साथीने मेली, तितकीच देशोधडीला लागली. त्याच सुमारास लंडनडेरीच्या सरदारीणबाई फ्रान्सिस अ‍ॅन याच कड्यावर स्वतःसाठी उन्हाळी वाडा बांधत होत्या. बाईंचं मन हळवं असावं. १८४९ साली त्यांनी या दगडावर लेख कोरून घेतला : १८४६-४७ मधली आयर्लंडची विपत्ती आणि इंग्लंडचं औदार्य यांची आठवण अक्षय राहो, अशा अर्थाचा. पुढे कुणीतरी छिन्नी घेऊन आला आणि त्यातलं औदार्य तेवढं खरवडून गेला. विपत्तीला हात लावला नाही. इतिहासाचं इतकं नेमकं संपादन मी दुसरं पाहिलेलं नाही.

आमच्याकडे १९७२च्या दुष्काळात माणसं खडी फोडून जगली. त्यांचा लेख कुठल्या दगडावर कोरणार? दगड तर फोडायचे होते.

पुढे जायंट्स कॉजवे. सुमारे ४०,००० खांब, बहुतेक षट्कोनी. सहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना तडकला त्याचे. लोक अवाक् होऊन उभे होते. सौ. म्हणाली, "अगंबाई, हे तर आपल्या अंधेरीला आहे!"

आणि ते खरंच होतं. गिल्बर्ट हिल याच जातीची, वयाने थोडी थोरलीच.

"मग मामी, तिथे कितीदा गेलात?" भाच्याने विचारलं.

वीस वर्षं अंधेरीहून लोकल पकडणाऱ्या सौ.ने उत्तर न देता थर्मास उघडला.