हॉट डॉग, एअर फ्रायर आणि व्युत्पत्तीचा मोह

गेल्या हिवाळ्यात न्यू जर्सीतील एका स्नेह्यांच्या घरी आमचा चार दिवस मुक्काम होता. एका संध्याकाळी त्यांच्या शाळकरी मुलाने फ्रिजमधून हॉट डॉगचे पाकीट काढले, प्रत्येक सॉसेजला सुरीने तिरप्या चिरा दिल्या, ती एअर फ्रायरच्या जाळीदार टोपलीत एकमेकांना चिकटणार नाहीत अशी मांडली आणि २०० अंश सेल्सिअसवर पाच-सहा मिनिटे लावून दिली. शेवटच्या मिनिटाला मधोमध चिरलेले पावही आत गेले. चिरा कशासाठी, असे आम्ही विचारले. आतल्या वाफेला वाट मिळाली नाही तर साल फुटते, असे उत्तर मिळाले. ही सॉसेजे कारखान्यातच शिजवलेली असतात. घरी उरते ते त्यांना आतपर्यंत वाफाळेतो तापवणे आणि वरून खरपूस करणे. एवढ्या कामाला स्वयंपाक म्हणावे की नाही, हा वाद आम्ही येथे काढत नाही.

मुलाची आजी हे सारे शांतपणे पाहत होती. तिने दोनच प्रश्न विचारले. "यात कुत्रा कुठं आहे रे?" आणि मग, "तळलं कुठं? हे तर नुसतं भाजलं."

हे दोन्ही प्रश्न भाषेच्या इतिहासाचे आहेत. पहिल्याचे ठरीव उत्तर अमेरिकेत कुणीही देतो. १९०१ सालच्या एका थंडीच्या दिवशी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर आइस्क्रीम खपेना, म्हणून विक्रेते हॅरी स्टीव्हन्स यांनी गरम जर्मन सॉसेजे पावात घालून विकायला लावली. लांबोडक्या 'डॅक्सहुंड' कुत्र्यावरून त्या सॉसेजांना नाव पडले होते. तेथे बसलेले व्यंगचित्रकार टॅड डॉर्गन यांनी हे दृश्य रेखाटले. पण 'डॅक्सहुंड'चे स्पेलिंग येईना, म्हणून त्यांनी खाली 'हॉट डॉग' लिहिले. कथा बांधेसूद आहे. तीत नायक आहे, स्थळकाळ आहे, आणि अज्ञानातून झालेली निर्मितीही आहे. उणीव एवढीच की ते व्यंगचित्र आजवर कुणालाही सापडलेले नाही. १९०१ मध्ये डॉर्गन न्यूयॉर्कला नव्हे, सॅन फ्रान्सिस्कोला नोकरी करीत होते. हॉट डॉगवरचे त्यांचे जे चित्र मिळते ते १९०६ चे, आणि तेही सायकलींच्या शर्यतीसंबंधी. जेराल्ड कोहेन, बॅरी पॉपिक आणि डेव्हिड शुलमन या शब्दशोधकांनी २००४ साली या एका शब्दावर आख्खे पुस्तक काढले. त्यात या दंतकथेचा पुरता निकाल लागला आहे. कथा मात्र सुखेनैव चालू आहे.

मग शब्द आला कोठून? येल विद्यापीठाच्या विद्यार्थी-नियतकालिकात तो १८९५ साली आढळतो. विद्यार्थी वसतिगृहांपाशी उभ्या राहणाऱ्या खाण्याच्या गाड्यांना त्या काळी 'डॉग वॅगन' म्हणत. त्याहून जुना दाखला याच न्यू जर्सीतला, पॅटरसन गावच्या वृत्तपत्रातला, ३१ डिसेंबर १८९२ चा. बातमीदार सांगतो की रस्त्यावरच्या पोरांची या खाण्याशी इतकी सलगी झाली आहे की ती त्याला 'हॉट डॉग'च म्हणतात. आणि एक पोरगा घाईघाईने विक्रेत्याकडे तो मागतो कसा, हेही तो टिपतो. त्या पोराचे नाव अर्थातच बातमीत नाही.

आम्हाला यातली ही निनावी बाजू महत्त्वाची वाटते. साहित्याच्या वर्गात आपण 'हे कोणी लिहिले' या प्रश्नाला इतके सरावलेले असतो की शब्दालाही कर्ता हवासा वाटतो, आणि कर्ता मिळाला नाही की आपण तो घडवतो. कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्ति कोश शेजारी ठेवूनही मराठी वर्गांत ग्रामनामांच्या सुरस कथा सांगितल्या जातातच. डॉर्गन यांना शब्दाचे जनकत्व बहाल करताना पॅटरसनच्या पोरांचे श्रेय नकळत पुसले जाते. त्याबरोबर आणखी एक गोष्ट पुसली जाते, ती म्हणजे शब्दातला संशय. सॉसेजात कुत्र्याचे मांस असते ही शंका एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत सर्रास बोलली जाई. सेप्टिमस विनर यांच्या १८६४ सालच्या विनोदी गाण्यात एक जर्मन माणूस हरवलेला कुत्रा शोधतो आणि शेवटच्या कडव्यात सॉसेजपाशी पोहोचतो. आज ते बालगीत म्हणून गायले जाते. शेवटचे कडवे तेवढे गळून गेले आहे. स्पेलिंगच्या कथेनेही तेच केले: भयाच्या जागी गंमत बसवली.

विक्रेत्यांना मात्र या शब्दातला डंख नीट ठाऊक होता. कोनी आयलंडवर जर्मनीहून आलेल्या चार्ल्स फेल्टमन यांनी १८६७ मध्ये गाडीवर सॉसेज-पाव विकायला सुरुवात केली होती. १९१३ साली तेथील व्यापारी मंडळाने फलकांवर 'हॉट डॉग' लिहिण्यास मनाई केली. १९१६ मध्ये फेल्टमन यांच्याच उपाहारगृहात पाव चिरण्याचे काम केलेल्या नेथन हँडवर्कर यांनी स्वतःचे दुकान थाटले. फेल्टमनकडे दहा सेंट पडत, ते यांनी पाचात दिले. इतके स्वस्त म्हणजे आत काय असेल, ही शंका फेडण्यासाठी त्यांनी पांढरे कोट घातलेली माणसे दुकानासमोर खायला उभी केली, असे सांगतात. मध्यंतरी १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअर यांची 'द जंगल' ही कादंबरी आली होती. लेखकाला दाखवायचे होते शिकागोच्या मांसकारखान्यांतील कामगारांचे हाल. वाचकांनी पाहिले ते आपले ताट. त्याच वर्षी मांसतपासणीचा कायदा झाला.

आता आजींचा दुसरा प्रश्न. फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात एअर फ्रायर लोकांसमोर आणला. वर तापणारी तार, तिच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली. तप्त हवा वेगाने टोपलीभोवती फिरते, पदार्थाचा पृष्ठभाग सुकवते आणि लालसर करते. ही छोट्या भट्टीची क्रिया झाली. इंग्रजीतील 'फ्राय' तव्यावरच्या परतण्यालाही चालतो आणि कढईतल्या तळणालाही. त्या सैलपणात हे नाव खपून गेले. मराठीत तळणे, परतणे, भाजणे, शेकणे यांच्या सीमा स्वयंपाकघरानेच आखून दिल्या आहेत. तेलातुपात बुडवले नाही ते तळण नव्हे. आजींनी शब्दकोश न उघडता बोट ठेवले ते नेमके येथेच.

दोन नावांतला फरक आम्हाला बोलका वाटतो. रस्त्यावरच्या पोरांनी विक्रेत्याला नको असलेले नाव दिले आणि ते टिकले. कंपनीने ग्राहकाला हवेसे वाटणारे नाव दिले, तेही टिकले. पहिले नाव शंका बोलून दाखवते, दुसरे ती झाकते. कारण तेल वाचले तरी सॉसेजातली चरबी, मीठ आणि नायट्राइट टोपलीत शिरताना होती तशीच बाहेर येतात. (चरबी थोडी खाली ठिबकते, हे खरे.) जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाची गणना कर्ककारक पदार्थांत केली. कुत्र्याची जागा रसायनांनी घेतली. आत काय आहे, हा प्रश्न तोच राहिला.

त्या संध्याकाळी हे सारे आम्ही आजींना सांगू लागलो तेव्हा त्यांचे लक्ष नव्हते. नातवाने एक पाव सॉसेज न घालता बाजूला ठेवला होता. त्याला लोणी लावून त्यांनी तो चहाबरोबर खाल्ला.