नेपरव्हिल शहरातील मिळकतींच्या नोंदी

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, शिकागोच्या पश्चिमेला सुमारे ४५ किलोमीटरवर वसलेले नेपरव्हिल हे शहर ड्यूपेज आणि विल अशा दोन काउंट्यांत विभागलेले आहे. २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १,४९,५४० होती. शहराचा उत्तरेकडचा, जुना आणि मोठा भाग ड्यूपेजमध्ये येतो. दक्षिणेकडच्या नव्या वसाहती विलमध्ये. दोन्हींची हद्द साधारण ८७व्या रस्त्याच्या आसपास पडते. नगरपालिका एक, महापौर एक, पण जमिनीचे दप्तर मात्र दोन ठिकाणी: ड्यूपेजचे व्हीटनला आणि विलचे जोलिएटला. इलिनॉयमध्ये खरेदीखते, गहाणखते, मूल्यांकन आणि मालमत्ता कर हे सारे काउंटीच्या अखत्यारीत चालते. ‘शहराची मिळकत नोंदवही’ अशी वस्तूच तिथे नाही, आणि ती शोधत बसणाऱ्याचा वेळ फुकट जातो.

घर कोणत्या काउंटीत आहे हे आधी ठरवावे लागते, आणि पोस्टाच्या पत्त्यावरून ते ठरत नाही. शहराच्या हद्दीबाहेरच्या, कोणत्याच नगरपालिकेत नसलेल्या कितीतरी घरांच्या पत्त्यातही ‘नेपरव्हिल’ असते. शिवाय ६०५६५ हा एकच पोस्टल क्रमांक दोन्ही काउंट्यांत पसरलेला आहे. खात्रीचा आधार म्हणजे काउंटीचा नकाशा किंवा कराच्या बिलावरचा मिळकत क्रमांक. बोलण्यात त्याला ‘पिन’ म्हणतात.

हा क्रमांक वाचता आला तर निम्मे काम झाले. त्याची मांडणी १७८५ च्या कायद्याने सुरू झालेल्या सरकारी भूमापनावर बसवलेली आहे. त्या मोजणीत सहा मैल लांबी-रुंदीचे चौकोन, म्हणजे टाउनशिप, आखले, प्रत्येकाचे एक-एक चौरस मैलाचे ३६ विभाग पाडले, आणि प्रत्येक विभागाचे चार चतकोर केले. ड्यूपेजचा क्रमांक दहा अंकी असतो: पहिले दोन अंक टाउनशिपचे, पुढचे दोन विभागाचे, नंतर तीन गटाचे आणि शेवटचे तीन प्लॉटचे. गटाच्या तीन अंकांतला पहिला अंक चतकोर सांगतो. १ म्हणजे वायव्य, २ ईशान्य, ३ नैर्ऋत्य आणि ४ आग्नेय. विलचा क्रमांक सोळा अंकी असून साध्या प्लॉटसाठी शेवटी बहुधा चार शून्ये येतात. गफलत होते ती सुरुवातीच्या अंकांत. ड्यूपेजमधल्या नेपरव्हिल टाउनशिपचे क्रमांक ०७ ने सुरू होतात आणि विलमधल्या व्हीटलंड टाउनशिपचेही ०७ नेच. म्हणून क्रमांक नेहमी पूर्ण लिहावा आणि शेजारी काउंटीचे नाव लिहावे. नावांचाही असाच घोळ आहे: ‘ड्यूपेज टाउनशिप’ ड्यूपेज काउंटीत नसून विलमध्ये आहे.

क्रमांक आणि काउंटी हाती आल्यावर कोणता प्रश्न कोणत्या दारी न्यायचा हे ठरते. मराठी वाचकाला ही विभागणी अनोळखी वाटू नये. आपल्याकडेही खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे, मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयात आणि घरपट्टी महापालिकेत, अशा तीन खेपा होतातच. मोठा फरक आहे तो फेरफाराचा. खरेदीनंतर चौकशी करून नवा मालक अधिकार अभिलेखात चढवणारा महसूल अधिकारी इलिनॉयमध्ये नाही. काउंटीचा रेकॉर्डर पुढे आलेला दस्त नमुन्यात बसतो का ते पाहतो, शुल्क घेतो, क्रमांक व वेळ टाकून त्याची प्रत जपतो. विकणारा खरोखर मालक होता का, हे तो तपासत नाही. मालकी कळण्यासाठी एकामागून एक झालेली खते स्वतः जोडत जावे लागते. तिथला खरेदीदार मालकी हक्काचा विमा उतरवतो तो याचसाठी.

रेकॉर्डरच्या सूच्या मुख्यतः देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावाने लावलेल्या असतात. आता क्रमांकावरूनही शोध घेता येतो. पद्धत अशी: आजच्या मालकाचे नाव घेणाऱ्यांच्या सूचीत पाहायचे, त्याला कोणी दिले ते टिपायचे, मग ते नाव पुन्हा घेणाऱ्यांत शोधायचे आणि असे मागे मागे जायचे. त्यानंतर प्रत्येक मालकाचे नाव देणाऱ्यांच्या सूचीत, त्याच्या मालकीच्या काळापुरते, तपासायचे. गहाण, कंत्राटदाराचा दावा, चालू खटल्याची नोटीस असे सारे बोजे तिथेच सापडतात. दुसरा फेरा कंटाळवाणा असल्यामुळे लोक तो टाळतात, आणि बोजे नेमके त्यातच सापडतात. कर्ज फिटल्यावर बँकेने दिलेले मुक्तिपत्र नोंदले गेले आहे की नाही, हेही इथेच कळते.

विक्रीची किंमत इलिनॉयमध्ये गुप्त नसते. हस्तांतरणावर राज्याचा कर दर ५०० डॉलरला ५० सेंट आणि काउंटीचा २५ सेंट आहे. म्हणजे दर हजाराला दीड डॉलर. खतावर या दोन्ही करांचा मिळून ६०० डॉलरचा शिक्का दिसला तर व्यवहार चार लाखांचा होता. मात्र खरेदीदाराने विकणाऱ्याचे जुने कर्ज स्वतःच्या अंगावर घेतले असेल, तर तेवढी रक्कम करातून वगळली जाते आणि शिक्क्यावरून काढलेला आकडा कमी येतो. १९६८ पूर्वीच्या खतांवर केंद्र सरकारची तिकिटे आढळतात. त्यांचा दर अखेरच्या काळात ५०० डॉलरला ५५ सेंट होता, तेव्हा तो हिशेब वेगळा करावा लागतो.

घराचे क्षेत्रफळ, बांधकामाचे वर्ष, तळघर, गॅरेज असा तपशील हवा असेल तर टाउनशिपच्या मूल्यनिर्धारकाकडे जावे. हे पद निवडणुकीने भरले जाते. करासाठीचे मूल्य बाजारभावाच्या एकतृतीयांश धरले जाते. तीन लाखांचे घर नोंदीत एक लाखाचे दिसते, ते त्यामुळे. नवखा माणूस हा आकडा पाहून एकतर हुरळतो किंवा हबकतो. मूल्य अमान्य असेल तर ते प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत काउंटीच्या फेरतपासणी मंडळाकडे तक्रार करावी लागते आणि तिथून पुढे राज्याच्या मंडळाकडे जाता येते. ही प्रसिद्धी टाउनशिपवार होते. त्यामुळे एकाच शहरात, रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे, मुदत वेगळी असू शकते. शेजाऱ्याकडून कळलेल्या तारखेवर इथे विसंबू नये.

कर किती आणि भरला का, हे काउंटी कोषाध्यक्षाकडे कळते. इलिनॉयमध्ये कर मागील वर्षाचा भरायचा असतो. दोन्ही काउंट्यांत हप्ते सर्वसाधारणपणे जून आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला येतात. घर विकत घेताना विकणाऱ्याच्या काळातला, अजून बिलच न आलेला कर हिशेबात धरावा लागतो, तो यामुळे. थकलेला कर दरवर्षी लिलावात निघतो आणि लिलावानंतर ठराविक मुदतीत रक्कम भरून घर सोडवायचे असेल तर काउंटी क्लार्ककडे जावे लागते, कोषाध्यक्षाकडे नाही. घर भाड्याने देऊन पुण्या-नाशिकला परतलेल्यांनी बिलासाठी नोंदवलेला पत्ता बदलणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. रेकॉर्डरकडे खत नोंदले म्हणजे कोषाध्यक्षाच्या यादीतला पत्ता बरोबर आहेच, असे समजू नये.

शहराच्या हद्दीतल्या घरांचे बांधकाम परवाने आणि तपासण्यांचे कागद मात्र नगरपालिकेकडे असतात आणि यात काउंटीची हद्द आड येत नाही. जप्ती, वारसा आणि वाटणीच्या दाव्यांसाठी न्यायालयाचे दप्तर पाहावे लागते: ड्यूपेज अठराव्या न्यायिक मंडळात, विल बाराव्या. इलिनॉयमध्ये गहाण घराची जप्ती न्यायालयामार्फतच होते. त्यामुळे दोन्ही दप्तरे ताडून पाहिल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

कधी शोध नीट करूनही खरा मालक सापडत नाही, कारण खतावर एखाद्या बँकेचे नाव ‘विश्वस्त’ म्हणून असते. इलिनॉयमधल्या भूमिन्यासाची ही जुनी पद्धत आहे. कागदोपत्री मालकी विश्वस्ताकडे, उपभोग आणि निर्णय लाभार्थ्याकडे, आणि लाभार्थ्याचे नाव सार्वजनिक नोंदीत नाही. सामान्य माणसाने हेतुपुरस्सर केलेली ही कायदेशीर व्यवस्था असते. ती दिसली की गैरव्यवहाराचा संशय घेऊ नये. तिथे सार्वजनिक शोधाची वाट संपते एवढेच.

जुन्या काळात जाऊ पाहणाऱ्याने नेपरव्हिलचा इतिहास ठाऊक करून घ्यावा. विल काउंटी १८३६ मध्ये स्थापन झाली आणि ड्यूपेज १८३९ मध्ये, कुक काउंटीतून. म्हणून ड्यूपेजमधल्या अगदी सुरुवातीच्या व्यवहारांसाठी तिसऱ्या काउंटीचा, कुकचा, विचार करावा लागतो. ड्यूपेजचे पहिले मुख्यालय नेपरव्हिलच होते. १८६७ च्या मतदानात व्हीटनला निसटता विजय मिळाला. नेपरव्हिलकर दप्तर सोडेनात. १८६८ मध्ये एका रात्री व्हीटनची माणसे नेपरव्हिलच्या न्यायालयावर चालून गेली आणि दप्तर उचलून निघाली. गलका झाला आणि काही कागद मागे राहिले. ते सुरक्षित राहावेत म्हणून नेपरव्हिलकरांनी शिकागोला हलवले, आणि १८७१ च्या महाभयंकर आगीत ते जळाले. दोन गावांच्या ईर्ष्येत सामान्य शेतकऱ्यांचे पुरावे गेले, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही. आगीनंतर, १८७२ मध्ये, इलिनॉयने जळालेल्या नोंदींसाठी खास कायदा केला. दस्त नष्ट झाला असला तरी न्यायालयात इतर पुराव्यांवरून मालकी सिद्ध करण्याची सोय त्यात आहे. त्या काळातल्या ड्यूपेजच्या जमिनीचा धागा तुटलेला दिसला, तर व्हीटनच्या सूचीत नोंद नाही एवढ्यावरून व्यवहारच झाला नव्हता असे मानू नये. न्यायालयाचे निकाल, वारसापत्रे आणि सरकारने मूळ खरेदीदाराला दिलेल्या केंद्रीय सनदा पाहाव्यात. सनदांवर भूमापनाचे जुने वर्णन असते: नेपरव्हिल टाउनशिप तिसऱ्या प्रमुख रेखावृत्तावरून ३८ उत्तर, ९ पूर्व, आणि विलमधले व्हीटलंड ३७ उत्तर, ९ पूर्व. हे वर्णन काउंट्यांच्या हद्दींवर अवलंबून नसल्यामुळे मुख्यालय बदलले, दप्तर हलले किंवा जळले, तरी जमिनीचा तुकडा त्यावरून ओळखता येतो.