स्लोव्हाक जनता : भाषा आणि श्रद्धेचा वारसा

स्लोव्हाक हे मध्य युरोपातील स्लाव्ह लोक. त्यांचा देश १ जानेवारी १९९३ रोजी स्वतंत्र झाला. त्यापूर्वी सुमारे हजार वर्षे ही भूमी हंगेरीच्या राज्यात होती. आज लोकसंख्या सुमारे ५४ लाख असून २०२१ च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक नागरिकांनी आपण रोमन कॅथलिक असल्याचे नोंदविले. राजाश्रय नसलेली त्यांची भाषा टिकली, याचे बरेच श्रेय धर्मगुरूंकडे जाते.

इ. स. ८६३ मध्ये संत सिरिल व संत मेथोडियस हे बंधू राजा रास्तिस्लाव्हच्या विनंतीवरून महान मोराव्हियात आले. त्यांनी स्लाव्ह भाषेसाठी लिपी घडविली आणि उपासना लोकांच्या बोलीत आणली. पोप दुसरे हेड्रियन यांनी तिला मान्यता दिली. (आपल्याला मराठी मिस्सासाठी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत थांबावे लागले!) मात्र ८८५ मध्ये मेथोडियस निवर्तले आणि त्यांच्या शिष्यांना हाकलून देण्यात आले.

आधुनिक काळात स्लोव्हाक भाषेला प्रमाणरूप देण्याचा पहिला प्रयत्न १७८७ मध्ये फादर अँटन बेर्नोलाक यांनी केला. त्यांचे जन्मगाव स्लानित्सा पुढे धरणाच्या पाण्याखाली गेले. तेथील चर्चची टेकडी तेवढी बेट म्हणून उरली. १८४३ मध्ये ल्युथरन पंथीय ल्युदोव्हित श्तूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य स्लोव्हाक बोलीवर आधारित नवे प्रमाणरूप ठरविले आणि ते कॅथलिक धर्मगुरू-कवी यान होली यांच्या भेटीस गेले. होली यांचे सारे काव्य बेर्नोलाकच्या भाषेतले. तरीही त्यांनी आशीर्वाद दिला. पंथभेदाच्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

१८६३ मध्ये ‘मातित्सा स्लोव्हेन्स्का’ ही सांस्कृतिक संस्था स्थापन झाली. बिशप श्तेफान मोयझेस तिचे पहिले अध्यक्ष, तर ल्युथरन पाळक कारोल कुझमानी उपाध्यक्ष होते. १८७५ मध्ये हंगेरी सरकारने ती बंद केली.

दडपशाहीचा कळस चेर्नोव्हा गावी झाला. तेथील भाविकांनी आपल्याच गावचे फादर आंद्रेय ह्लिंका यांच्या पुढाकाराने चर्च बांधले होते. परंतु ह्लिंका यांना निलंबित करण्यात आले होते. आशीर्वादविधीला ते हवेत, असा ग्रामस्थांचा आग्रह होता. २७ ऑक्टोबर १९०७ रोजी विधीसाठी दुसरे धर्मगुरू आले तेव्हा लोकांनी वाट अडविली. सशस्त्र पोलिसांनी गोळीबार केला. पंधरा जण मृत्यू पावले.

या वारशात वेदनेचे पानही आहे. दुसऱ्या महायुद्धकाळी फादर योझेफ तिसो राष्ट्राध्यक्ष असताना, १९४२ मध्ये, हजारो यहुद्यांना मृत्यूच्या छावण्यांकडे धाडण्यात आले. ते झाकून चालणार नाही.

पुढे साम्यवादी राजवटीत १९५० मध्ये मठ बंद झाले. २५ मार्च १९८८ रोजी ब्रातिस्लाव्हाच्या चौकात हजारो भाविक धर्मस्वातंत्र्यासाठी हाती मेणबत्त्या घेऊन प्रार्थना करीत उभे राहिले. पोलिसांनी त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडले.