पन्हळीचं पाणी

बारामती-इंदापूर हा कमी पावसाचा मुलूख, वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणून इथं कोकणासारखी उतरती छपरं नव्हती, धाब्याची घरं होती. तुळयांवर किलचा, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. (नियम ‘धाब्यावर बसवतात’, तो हाच धाबा!) मृगाआधी नवी माती टाकायची, चोपायची आणि उतार पन्हळीकडे काढायचा. पन्हळ भिंतीपासून हातभर पुढं, कारण भिंतही मातीचीच. पायाशी पाणी मुरलं की ती बसलीच म्हणून समजा.

पण पुढं आलेल्या पन्हळीचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पडे आणि भांडण जुंपे. १८८२चा सुविधाधिकार कायदा १८९१मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. त्यानुसार वीस वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्कानं पाणी सोडलं असेल, तर ते सोडण्याचा हक्कच मिळतो. भाऊबंदकीत बांधाइतकाच पन्हळीचा वादही चिवट, तो यामुळं.

पुढं नीरा डाव्या कालव्यानं ऊस आणला, उसानं पैसा आणि पैशानं पत्रे, मग स्लॅब. स्लॅबला माती लागत नाही, उतार मात्र लागतो. तो काढायला गवंडी विसरला की गच्चीचं तळं होतं. तरी मातीची घरं अजून आहेत. २०२५ साली पाऊस मे महिन्यातच कोसळला, मृगाच्या दोन आठवडे आधी. कालवा फुटला, घरांची पडझड झाली. धाब्यांची डागडुजी निघते ती साधारण त्याच पंधरवड्यात.