कैरोस दस्तऐवज

दक्षिण आफ्रिकेतील ख्रिस्ती धर्मचिंतकांनी वर्णभेदाविरुद्ध सप्टेंबर १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेले निवेदन. त्याच वर्षीच्या जुलैत सरकारने देशाच्या अनेक भागांत आणीबाणी पुकारली होती. सोवेटो-जोहान्सबर्ग परिसरातले पाळक आणि अभ्यासक एकत्र बसले, त्यातून हा मजकूर सिद्ध झाला. दीडशेहून अधिक जणांनी त्यावर सह्या केल्या. पाळक फ्रँक चिकाने आणि डॉमिनिकन धर्मगुरू अल्बर्ट नोलन यांचा त्यात मोठा वाटा होता.

निवेदनाचा रोख सरकारवर आहेच, पण खरे भांडण चर्चशी आहे. मारणारा आणि मार खाणारा एकाच प्रभूचे नाव घेतात, ही त्यातली मूळ बोच. चिकाने यांनी ती अंगावर झेलली होती : कोठडीतील छळावर देखरेख करणारा अधिकारी आपल्याच चर्चच्या गोऱ्या शाखेतला डीकन होता, असे त्यांनी सांगितले आहे. त्याच अपोस्टॉलिक फेथ मिशन चर्चने १९८१ साली, राजकारणात पडल्याबद्दल, निलंबित केले ते मात्र चिकाने यांना.

वाद पेटला तो रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायावरून. सत्ता देवाने नेमलेली असते, म्हणून तिच्या अधीन असावे, या पौलाच्या उपदेशाचा आधार राज्यकर्ते घेत. निवेदनकर्त्यांचे उत्तर असे, की पौल विशिष्ट मंडळीच्या विशिष्ट प्रश्नाला उत्तर देत होता. जुलमी सत्तेचे काय करावे, हा तिथे विषयच नव्हता. जुलमी सत्ता कशी दिसते हे प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातल्या श्वापदात पाहावे. १९८३ च्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत ज्या देवाचे नाव घातले, त्याला भजणे ही तर मूर्तिपूजाच, असेही त्यांनी ठणकावले.

सरकारधार्जिण्या विचाराइतकेच कठोर शब्द इंग्रजीभाषक चर्चच्या सौम्य विरोधालाही मिळाले. पश्चात्ताप आणि न्याय यांच्याआधी समेटाची भाषा करणे म्हणजे अन्यायाला मुदत वाढवून देणे; पोरांच्या दगडांना हिंसा म्हणायचे आणि पोलिसांच्या गोळ्यांना नाही, हा दुटप्पीपणा. दस्तऐवजाचा हाच भाग सर्वांत धारदार आहे आणि काहीसा एकांगीही. वर्णभेदविरोधी अँग्लिकन बिशप डेस्मंड टूटू यांनी सही केली नाही. समेट हा त्यांच्या धर्मविचाराचा गाभा होता. पुढे वर्णभेदाच्या काळातील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य व समेट आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले.

गोऱ्या आफ्रिकानरांच्या डच रिफॉर्म्ड चर्चची परंपरा या निवेदनाच्या दुसऱ्या टोकाला. १८५७ च्या सिनडने (धर्मसभेने) वर्णानुसार वेगळ्या उपासनेला मुभा दिली. चर्चच्या १९७४ च्या अहवालाने बाबेलच्या कथेसारखे दाखले देऊन वेगळ्या विकासाचे, म्हणजे वर्णभेदाचेच, समर्थन केले. १९८२ मध्ये ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघटनेने वर्णभेदाचे धार्मिक समर्थन पाखंड ठरवून डच रिफॉर्म्ड चर्चचे सदस्यत्व स्थगित केले. १९८६ मध्ये या चर्चने सर्व वर्णांना सदस्यत्व खुले केले, तेव्हा चिडलेल्या गटाने १९८७ साली फक्त गोऱ्यांसाठी आफ्रिकान्स प्रोटेस्टंट चर्च काढले.