बुलेट ३५० (कास्ट आयर्न इंजिन) : घरगुती देखभाल व दोषनिवारण

बुलेट ३५० ही रॉयल एनफील्ड या नाममुद्रेची एक-सिलिंडर, चार-धाव (फोर-स्ट्रोक) मोटारसायकल आहे. तिच्या जुन्या भारतीय आवृत्तीतील सिलिंडर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असल्यामुळे ती ‘कास्ट आयर्न बुलेट’ या नावाने ओळखली जाते. या गाडीची बरीचशी देखभाल मालकास साध्या हत्यारांनी घरीच करता येते. मात्र तिच्यातील दोष एका ठरावीक क्रमानेच शोधावे लागतात. क्रम सोडून एकाच वेळी अनेक भाग बदलल्यास मूळ दोष झाकला जातो आणि बहुधा नवा दोष निर्माण होतो. प्रस्तुत लेखात प्लॅटिना पॉइंट व कॉइल असलेल्या भारतीय ३५० घ.सें.मी. गाडीचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

‘बुलेट’ हे नाव रॉयल एनफील्डने इंग्लंडमध्ये १९३२ साली प्रथम वापरले. मागील चाकास झुलत्या दांड्याचे निलंबन असलेली ३५० बुलेट १९४९ पासून विक्रीस आली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि मूळ ब्रिटिश कंपनी यांच्या भागीदारीतून मद्रास (आताचे चेन्नई) येथे ‘एनफील्ड इंडिया’ स्थापन झाली. रेडिच येथील मूळ कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, परंतु भारतात हेच इंजिन थोड्याफार सुधारणांसह २०१० च्या सुमारापर्यंत तयार होत राहिले. रचना दीर्घ काळ फारशी न बदलल्यामुळे जुन्या गाडीसाठीही अनेक सुटे भाग आज उपलब्ध होतात.

रचनेची वैशिष्ट्ये

इंजिनाची क्षमता ३४६ घ.सें.मी., सिलिंडरचा व्यास ७० मि.मी. आणि दट्ट्याची धाव ९० मि.मी. आहे. सिलिंडर-हेडमधील झडपा पुशरॉडद्वारे उघडतात. वंगण-तेलाची टाकी वेगळी नसून इंजिनाच्या आवरणातच, क्रँक-कक्षाच्या मागे असते. एक पंप टाकीतील तेल बिग-एंडकडे पाठवतो, तर दुसरा क्रँक-कक्षातील तेल परत आणतो. गिअरचा पेडल उजवीकडे व मागील ब्रेकचा डावीकडे असतो. सवय नसलेल्या व्यक्तीने दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी रहदारीच्या रस्त्यावर घेऊ नये.

हत्यारे व खबरदारी

नित्याच्या कामासाठी रिंग व फिक्स पान्यांचा संच, प्लग-पाना, फिलर गेज, पेचकस, तारेचा ब्रश, मल्टिमीटर किंवा बॅटरीवर चालणारा चाचणी-दिवा आणि तेलासाठी पसरट भांडे पुरेसे असते. जुन्या गाड्यांवर ब्रिटिश मापाचे बोल्ट आढळतात. त्यांवर जवळपासच्या मेट्रिक मापाचा पाना वापरल्यास बोल्टचे कोपरे झिजतात. आवरण ॲल्युमिनियमचे असल्यामुळे बोल्ट अती आवळल्यास आटे जातात. गळती थांबवण्यासाठी बोल्ट अधिक आवळण्यापेक्षा पृष्ठभाग स्वच्छ करून नवे पॅकिंग बसवणे योग्य.

इंजिन बंद खोलीत चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग व वास नसतो आणि तो प्राणघातक ठरतो. पेट्रोल काढताना जवळ ज्योत किंवा ठिणगी नसावी. जुन्या ब्रेक-शूमध्ये ॲसबेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ड्रममधील धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी.

नियमित देखभाल

वंगण-तेल. टाकीत सुमारे २ लिटर तेल मावते व सामान्यतः २०डब्ल्यू-५० प्रतीचे खनिज तेल वापरतात. २,००० ते ३,००० कि.मी. अंतरानंतर तेल बदलण्याची पद्धत आहे. इंजिन कोमट असताना टाकी आणि क्रँक-कक्ष या दोहोंचे निचरा-बोल्ट उघडावेत. नवा फिल्टर बसवताना रबरी सील जागेवर असल्याची खात्री करावी आणि फिल्टरच्या कप्प्यात आधीच तेल भरावे. हा कप्पा रिकामा राहिल्यास तो भरेपर्यंत बिग-एंडला तेल मिळत नाही. त्यानंतर इग्निशन बंद ठेवून काही वेळा किक मारावी आणि मगच इंजिन सुरू करावे. इंजिन मंद गतीने चालू असताना रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा बोल्ट किंचित सैल केल्यावर तेल झिरपले पाहिजे. तसे न झाल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. वापरलेले तेल गटारात किंवा जमिनीवर न ओतता ते गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

प्लॅटिना पॉइंट. पॉइंट पूर्ण उघडे असताना त्यांतील अंतर ०.३५ ते ०.४० मि.मी. ठेवतात. टोके खडबडीत झाल्यास बारीक कानशीने घासून पेट्रोलमध्ये भिजवलेल्या स्वच्छ कागदाने पुसावीत. कॅमवरील वंगणाचा फेल्ट कोरडा असल्यास पॉइंटची टाच झिजते आणि अंतर कमी होत जाते. अंतर बदलले की टायमिंगही बदलते. त्यामुळे आधी अंतर व नंतर टायमिंग हाच क्रम पाळावा.

टायमिंग. दाबाच्या धावेत दट्ट्या सर्वोच्च बिंदूच्या ०.८ मि.मी. खाली असताना पॉइंट उघडू लागावेत. उघडण्याचा क्षण चाचणी-दिव्याने कळतो. पॉइंटमध्ये धरलेला पातळ कागद अलगद सुटू लागणे ही जुनी खूणही उपयोगी आहे. टायमिंग फार आधी असल्यास किक उलट मारते व घोट्यास इजा होऊ शकते. उशिरा असल्यास इंजिन तापते आणि चढावर ताकद कमी पडते.

टॅपेट. हे काम इंजिन पूर्ण गार असताना आणि दट्ट्या दाबाच्या धावेच्या शेवटी, म्हणजे दोन्ही झडपा बंद असताना करावे. सिलिंडरच्या उजवीकडील झाकण काढल्यावर पुशरॉडची खालची टोके दिसतात. पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वर-खाली हलू नये, हे त्याचे योग्य माप. फार घट्ट ठेवल्यास झडप पूर्ण मिटत नाही व जळते. फार सैल ठेवल्यास खडखड ऐकू येते. थोडा आवाज सहन होतो, घट्टपणा होत नाही.

स्पार्क प्लग. टोकांमधील अंतर सुमारे ०.५ मि.मी. ठेवावे. फिकट तपकिरी टोक योग्य मिश्रणाचे, कोरडी काळी काजळी जादा पेट्रोलाची, तेलकट काळा थर तेल जळत असल्याची, तर पांढरेफटक टोक पातळ मिश्रणाची किंवा अती उष्णतेची खूण होय.

चेन. मागील चेनमध्ये २५ ते ३० मि.मी. खेळ ठेवतात. चेन सर्वत्र सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवून सर्वांत ताठ जागी माप घ्यावे. डाव्या आवरणातील प्राथमिक चेनमध्ये सुमारे ६ मि.मी. खेळ पुरतो. त्या आवरणातील तेलाची पातळी स्वतंत्रपणे तपासावी लागते.

दोषनिवारणाचा क्रम

पेट्रोल-इंजिन चालण्यास योग्य वेळी ठिणगी, योग्य प्रमाणात इंधन व हवा आणि पुरेसा दाब या गोष्टी लागतात. तपासणी याच क्रमाने करतात. एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहावा आणि तो वहीत नोंदवावा.

ठिणगी. प्लग काढून टोपीत बसवावा व त्याचे धातूचे अंग हेडला टेकवावे. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असल्याने प्लग त्यापासून दूर ठेवणे आवश्यक आहे. किक मारल्यावर निळसर, कडक आवाजाची ठिणगी दिसली पाहिजे. ती न दिसल्यास प्रथम दुसरा प्लग लावून पाहावा, नंतर टोपी, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल आणि बॅटरी या क्रमाने जावे. ॲमीटरचा काटाही उपयोगी पडतो. इग्निशन चालू करून किक हळू दाबली असता पॉइंट मिटल्यावर काटा उणे बाजूस झुकतो व उघडल्यावर मध्यावर येतो. काटा मुळीच न हलल्यास बॅटरी, फ्यूज, स्विच अथवा पॉइंट यांपैकी कोठेतरी प्रवाह खंडित आहे. पॉइंटवर मोठी ठिणगी उडत असून प्लगवर ती क्षीण असेल, तर कंडेन्सर निकामी झाल्याचा संशय घ्यावा.

इंधन. ठिणगी चांगली असूनही बऱ्याच किकनंतर प्लग कोरडा राहिला, तर पेट्रोल पोहोचत नाही. कॉकची जाळी, नळी, फ्लोटची सुई व जेट तपासावेत. जेट तारेने खरवडू नये, कारण भोक मोठे होते. ते हवेने साफ करावे. प्लग ओला असेल तर चोक व पेट्रोल बंद करून, प्लग वाळवून, थ्रॉटल उघडा ठेवून किक मारावी.

दाब. किकवर उभे राहिल्यास स्पष्ट अडथळा जाणवला पाहिजे. तो न जाणवल्यास इंजिन उघडण्यापूर्वी डिकॉम्प्रेसरची केबल पाहावी. केबलमध्ये खेळ नसल्यास त्याची झडप किंचित उघडी राहते व दाब निसटतो. पुढची पायरी टॅपेटची. ते घट्ट असल्यासही हेच लक्षण दिसते. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडल्यावर दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. न वाढल्यास झडपांकडे किंवा हेडच्या पॅकिंगकडे पाहावे.

काही नेहमीची लक्षणे

गाडी काही कि.मी. चालून बंद पडते व थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. अशा वेळी पेट्रोल-टाकीचे झाकण उघडताच गाडी सुरू होत असेल, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले असते. ठिणगीच नाहीशी होत असेल, तर तापल्यावर निकामी होणारी कॉइल किंवा कंडेन्सर हे कारण असते.

पावसात गाडी अडखळते. पावसाळ्यात पॉइंटच्या झाकणाखाली व प्लगच्या टोपीत ओलावा शिरतो. कोरड्या फडक्याने पुसणे आणि तडकलेली टोपी बदलणे हा उपाय होय.

मंद गतीवर इंजिन स्थिर राहत नाही. कार्बोरेटर व हेड यांच्या जोडातून हवा शिरत नाही ना, हे आधी पाहावे. हवेचा स्क्रू पूर्ण आवळून सुमारे दीड फेरा सैल करणे ही समायोजनाची सुरुवात असते. हे काम इंजिन गरम झाल्यावर व टायमिंग बरोबर असल्याची खात्री करूनच करावे.

धूर. काळा धूर जादा पेट्रोलाचा, तर निळा तेल जळत असल्याचा निदर्शक असतो. निळा धूर थ्रॉटल मिटताना येत असल्यास झडपांचे गाइड आणि सतत येत असल्यास रिंगा तपासाव्यात.

दीर्घकाळ उभी राहिलेली गाडी

अनेक महिने उभ्या राहिलेल्या बुलेटमध्ये टाकीतील तेल पंपातून हळूहळू क्रँक-कक्षात उतरते. किक जड लागते, सुरू होताच दाट निळा धूर येतो व श्वासनलिकेतून तेल बाहेर पडते. हे रिंगा झिजल्याचे लक्षण समजून इंजिन उघडले जाण्याचे प्रसंग घडतात. तसेच पट्टीवर तेल कमी दिसते म्हणून ते वरून भरले जाते आणि एकूण तेल प्रमाणाबाहेर वाढते. योग्य पद्धत अशी : प्रथम क्रँक-कक्षाचा बोल्ट उघडून साचलेले तेल काढावे व तेवढेच टाकीत भरावे. इंजिन काही मिनिटे चालवून पातळी पुन्हा पाहावी.

इथेनॉल-मिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या रबरी भागांना फुगवते. गाडी उभी ठेवायची असल्यास कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करावा आणि बॅटरी सोडवून अधूनमधून चार्ज करावी.

घरी टाळावयाची कामे

बिग-एंडचे बेअरिंग बदलणे, क्रँक सरळ करणे, सिलिंडर बोअर करणे आणि झडपांच्या बैठका कापणे यांसाठी यंत्रशाळेतील साधने व अचूक मापन लागते. वेगाबरोबर वाढणारा खालच्या बाजूचा जड ठोका ऐकू आल्यास गाडी पुढे न चालवता अनुभवी मिस्त्रीस दाखवावी. अशा स्थितीत बेअरिंग निकामी होऊन इंजिन अचानक जाम झाल्यास मागील चाकही अडकू शकते.

नोंदणी

भारतात खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते व पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांविषयी स्वतंत्र तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपात जपलेली वाहने तीत येतात. अशा वाहनांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व नूतनीकरणाचे ५,००० रुपये ठरवलेले आहे. या नोंदणीखाली वाहन नित्य किंवा व्यावसायिक कारणासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. मूळ चासी, बॉडी व इंजिन यांत मोठे बदल केलेले वाहन या तरतुदीस पात्र ठरत नाही. त्यामुळे दुरुस्तीत काढलेले मूळ भाग जपून ठेवणे आणि बदलांची नोंदवही राखणे कायदेशीर दृष्ट्याही उपयुक्त असते.