अंडाशयाची शिल्लक

एएमएच, म्हणजे अँटी-म्युलेरियन हॉर्मोन. स्त्रीच्या अंडाशयात किती बीजं उरली असावीत याचा अंदाज घ्यायला आज ही रक्तचाचणी करतात. मला या नावाचं नवल वाटतं, कारण त्यात अंडाशय कुठेच नाही. योहानेस म्युलर हे एकोणिसाव्या शतकातले जर्मन शास्त्रज्ञ. गर्भातल्या ज्या नलिकांपासून पुढे गर्भाशय आणि बीजवाहिन्या घडतात, त्यांना त्यांचं नाव आहे. हे हॉर्मोन त्या नलिका नाहीशा करणारं. मग बायकांच्या रक्तात त्याचं काय काम?

त्यासाठी १९४७ सालात जावं लागतं. फ्रान्समध्ये आल्फ्रेड जोस्त सशांच्या गर्भांवर, ते आईच्या पोटात असतानाच, शस्त्रक्रिया करत होते. नर गर्भाचे वृषण वेळेत काढले, तर आतली रचना मादीसारखी घडे. नुसतं टेस्टोस्टेरॉन दिलं, तर नराच्या नलिका टिकत, पण म्युलरच्या नलिकाही तशाच राहत. म्हणजे वृषणातून आणखी काहीतरी स्रवत असणार. ते 'आणखी काहीतरी' म्हणजेच एएमएच. त्याचा जीन हाती यायला १९८६ साल उजाडलं.

दरम्यान दुसरीकडे मोजदाद चालू होती. स्त्रीच्या जन्मानंतर नवी बीजं तयार होत नाहीत, असं सॉली झुकरमन यांनी १९५१मध्ये मांडलं. १९६३मध्ये टी. जी. बेकर यांनी गर्भाच्या पाचव्या महिन्यात सुमारे ७० लाख बीजं मोजली. जन्मापर्यंत ती २० लाखांवर येतात. जमा काही नाही, नुसता खर्च. 'शिल्लक' ही भाषा रुजली ती या हिशेबावर.

पुढे कळलं, की अंडाशयातल्या वाढू लागलेल्या लहान पुटिकाही एएमएच स्रवतात. पुटिका जास्त तर हॉर्मोन जास्त. २००२च्या सुमारास आयव्हीएफच्या डॉक्टरांना यात सोय दिसली: इंजेक्शनं दिल्यावर किती बीजं हाती लागतील, याचा अंदाज आधीच बांधता येऊ लागला.

चाचणीचं खरं काम एवढंच. पण तो आकडा क्लिनिकबाहेर पडला आणि 'हिला मूल होईल का?' याचं उत्तर म्हणून वाचला जाऊ लागला. २०१७मध्ये अमेरिकेतल्या ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ७५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एएमएच कमी असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस जाण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. महिन्याला बहुधा एकच बीज लागतं, आणि बीजाची प्रत मुख्यतः वयावर ठरते. ती या चाचणीत दिसत नाही.

तरीही हा रिपोर्ट घरात येतो तेव्हा सासरची माणसं तो निकालपत्रासारखा वाचतात. नवऱ्याची तपासणी मात्र व्हायचीच असते. म्हणून मला हा इतिहास सांगावासा वाटतो. रिपोर्ट हातात आला, की डॉक्टरांना आधी एवढंच विचारावं: हा आकडा नेमक्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे?